लेखनिक आपापला आणावा

“कविता दोनदा वाचीन. तिसऱ्यांदा वाचायची परवानगी नाही,” थोरात सर म्हणाले आणि त्यांनी घसा साफ केला.

मे महिन्यातली सकाळ होती. मिरजेतल्या आमच्या अंधशाळेच्या संगीतवर्गात पेट्या आणि तबले भिंतीकडे सारून दोन बाके मांडली होती. खिडकीशी मी होते. माझ्या उजव्या हाताला मेधा आपटे बसली होती. दाराशी तानू होती आणि तिच्याजवळ पहारेकऱ्याची मुलगी संगी. वारा आला की कोपऱ्यातल्या तंबोऱ्याची एखादी तार कुणी न छेडता कण्हत असे, आणि मग खोलीत पुन्हा शांतता पसरे, आधीपेक्षा अधिक ताणलेली.

सरांनी वाचले:

रात्र उतरली विहिरीत,
दोर हाताला लागेना;
कुणी तरी दिवा धरा रे,
माझा तळ मला दिसेना.

त्यांनी पुन्हा वाचले. थोरात सर शाळेचे अधीक्षक होते. हजेरी घेता घेता घडलेला त्यांचा आवाज कवितेतही जणू कोण गैरहजर आहे ते पाहत होता. मग त्यांनी प्रश्न सांगितला : “या कवितेतला अंधार तुम्हाला काय सांगतो, ते तुमच्या शब्दांत लिहा.”

“आपल्या शब्दांत,” दाराशी तानू पुटपुटली, “आन् दुसऱ्याच्या अक्षरांत.”

“कोळेकर, बोलायचं नाही.”

“बोलायचं न्हाई तर लिहायचं कसं, सर? माझं लिहिणं म्हंजे बोलणंच की.”

संगी फिदीफिदी हसली. सरही हसले असावेत, कारण त्यांची खुर्ची करकरली. “हळू बोला,” ते म्हणाले, “एवढंच म्हणायचं होतं मला.”

तानू आणि मी पहिलीपासून एकत्र होतो. चौथीपर्यंत या शाळेत ब्रेल शिकलो, पाचवीपासून गावातल्या कन्याशाळेत डोळस मुलींच्या वर्गात एकाच बाकावर बसलो. फरक इतकाच की शाळा सुटल्यावर मी घरी जाई आणि ती अंधशाळेच्या वसतिगृहात. तिचे घर जतकडे, मेंढरांमागे फिरणाऱ्या माणसांचे. माझ्या वडिलांचे, आण्णांचे, मिरजेच्या बाजारात शिलाईचे दुकान होते. आम्ही दोघी दहावी झालो होतो, आणि पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर अख्ख्या जिल्ह्यात एकच होते. पुण्याची एक संस्था दरवर्षी आमच्या भागातली एक मुलगी कॉलेजसाठी निवडत असे. वसतिगृह, फी, अभ्यास वाचून दाखवणारी माणसे, सगळे संस्थेचे. जागा एक. उमेदवार आम्ही दोघी.

परीक्षेची नियमावली सरांनी एप्रिलमध्येच वाचून दाखवली होती. ‘लेखनिक उमेदवाराने आपापला आणावा. तो उमेदवारापेक्षा खालच्या इयत्तेतील असावा.’

“सर, ब्रेलमध्ये लिहिलं तर?” तानूने विचारले होते. “मग लेखनिकच नको.”

“समितीत ब्रेल वाचणारं कुणी नाही.”

“आंधळ्यांच्या संस्थेत?”

“आंधळ्यांना मदत करणाऱ्यांची संस्था आहे ती, तानू,” सर म्हणाले. त्यांच्या आवाजात थट्टा होती की थकवा, हे मला आजही ठरवता येत नाही.

नियम दोघींना सारखाच होता. आण्णा त्याच संध्याकाळी कन्याशाळेच्या आपटे बाईंच्या घरी गेले. त्यांची मेधा नववी उत्तीर्ण झाली होती. सुंदर हस्ताक्षराचे बक्षीस दरवर्षी तिचेच. बाई चटकन ‘हो’ म्हणाल्या, आणि आण्णांनी मेधासाठी गुलाबी वायलचा फ्रॉक शिवायला घेतला. तानूला कोण? सुट्टीत वसतिगृह ओस पडले होते. कन्याशाळेतल्या मुली मामाच्या गावी गेल्या होत्या. तानू स्वतःच्या गावी गेली नव्हती ती केवळ या परीक्षेसाठी.

“मेधाची चुलतबहीण आलीया म्हणं सुट्टीला,” ती एकदा मला म्हणाली. “आठवी झालेली. तिला विचारशील का गं माझ्यासाठी? मी विचारलं तर बाई बाहेरनंच वाटेला लावतील.”

“विचारते की,” मी म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी ती चुलतबहीण मेधाबरोबर आमच्या घरी आली. आम्ही सराव करत होतो आणि ती पलंगावर पाय हलवत बसली होती. पलंगाची कडी तिच्या प्रत्येक झोक्याला किणकिणत होती. “शी, किती कंटाळा येतोय,” ती म्हणाली, “मलापण द्या ना काहीतरी लिहायला.” मी पुढचे वाक्य सांगायला घेतले.

“काय म्हणाली गं ती?” तानूने रविवारी विचारले.

“तिला वेळ नाही म्हणे.”

“असू दे. संगी हाय की आपली. सहावी पास झालीया, म्हंजे जोडाक्षरं येतच असतील अर्धी.” ती हसली. तानूचे हसणे मोठे होते. ते आधी भिंतींना जाऊन लागे आणि मग आपल्याकडे येई.

मेधाबरोबरच्या त्या महिन्याभरात मला एक गोष्ट सापडली होती, आणि ती मला फार आवडू लागली होती. मेधा शाईच्या पेनाने लिहीत असे. आधी शब्दाची अक्षरे खाली एकामागून एक उतरत, त्यांचा बारीक, तुटक आवाज येई. मग त्या शब्दावरून डावीकडून उजवीकडे एक सरळ शिरोरेघ ओढली जाई, आणि तिचा आवाज अखंड असे. लहान शब्दाची रेघ म्हणजे नुसता एक निःश्वास. लांब शब्दाची रेघ रेशमावरून बोट फिरवल्यासारखी. पूर्णविरामाला निब कागदावर टोच मारी. काही दिवसांतच मला माझी वाक्ये परत ऐकू येऊ लागली. मी बोलत असे, आणि माझ्या बोलण्याची ती दुसरी, मुकी आवृत्ती माझ्या उजव्या कानाशी उमटत असे.

“आत्ता तू ‘पाऊलवाट’ लिहिलंस,” मी म्हणायची.

“अय्या! कसं कळलं?”

“आणि आता काहीतरी खोडलंस.”

“गिरिजाताई, तुमची भीतीच वाटते बाई,” मेधा म्हणायची आणि आम्ही दोघी हसायचो.

हे ऐकणे मला तानूनेच शिकवले होते, खरे तर. ती ज्या वस्तीवर जन्मली तिथे अंधाऱ्या वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढरे बसलेली असताना त्यांतले कुठले आजारी आहे हे तिचा बाप तिला विचारीत असे. ती रवंथाच्या आवाजावरून सांगे. कन्याशाळेच्या व्हरांड्यात कोण येते आहे, तिची चप्पल नवी आहे की जुनी, ती रडून आली आहे का, हे तानू तिकडे तोंडही न वळवता सांगत असे. तिच्या शेजारी बसून मी ऐकायला शिकले. ती नसती तर मी केवळ न दिसणारी मुलगी राहिले असते.

“झालं का सुरू?” थोरात सरांनी विचारले.

मी सुरुवात केली. “कवी काठावर उभा आहे, म्हणून त्याला विहिरीत अंधार दिसतो.”

पेन धावले. रेघा माझ्या शब्दांवर नेमक्या बसत गेल्या.

“विहिरीला तो दिसत नाही.”

टोच.

दाराकडून तानूचा दबका आवाज येत होता. “रात्र विहिरीत उतरत न्हाई. ती तिथंच राहायला असते, आन् मेंढरं रानातनं परततात तशी सांजच्याला वर येते. लिहिलंस?”

“थांब की गं, तानाक्का. ‘विहिरीत’ लिहाय लागलीया. वि पयला का दुसरा?”

“पयला. रात्र विहिरीत राहायला असते, आन् सांजच्याला वर येते.”

“राहायला कसं लिहायचं? र ला काना… मग?”

“ऱ्हाऊ दे. रात्र विहिरीत असते. एवढं लिही.”

मी ते ऐकले. पहिले वाक्य ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता, आणि त्याचे ते एकेक अवयव गळून पडताना, खरे सांगायचे तर, मला हायसे वाटत होते.

मी पुढे सांगू लागले. आता मला चांगले जमत होते. जिभेवर आलेल्या शब्दाला खाली उतरायची घाई झाली होती. “लहानपणी आण्णांनी मला पोहायला शिकवण्यासाठी पाठीला सुके भोपळे बांधून विहिरीत सोडले. पाणी गळ्याशी कोमट होते आणि पायांशी गार. अंधारालाही असेच थर असतात. तळ दिसायचा नसतो. तळाला पाय लागायचे असतात. जो दिवा मागतो आहे, त्याला तळ नको आहे. त्याला परतीची वाट हवी आहे.”

पेन ‘भोपळे’शीच थांबले होते. मेधाच्या बांगड्या हलल्या. तिने श्वास घेतला आणि तो धरून ठेवला. मग एक लांब, एकसंध आवाज आला. तो शिरोरेघेचा नव्हता. एका शब्दावरची रेघ इतकी लांब नसते. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली रेघ होती ती, आणि तिच्या खालोखाल आणखी एक. मग मेधा लिहू लागली.

मी गप्प होते आणि पेन चालले होते.

ते शब्द लांब लांब होते, सुबक, एका चालीत येणारे. पाठ्यपुस्तकातल्या शेवटच्या परिच्छेदासारखी त्यांची लय होती. मेधाचा हात कुठेही अडखळत नव्हता. तिला ते शब्द कधीपासूनच ठाऊक असावेत. संगीतवर्गात दुसरा आवाज नव्हता. दाराशीही शांतता होती.

“तानाक्का, सांग की फुडं,” संगी कुजबुजली. “काय ऐकत बसलीस?”

“सांगते, सांगते,” तानू म्हणाली, पण तिने लगेच काही सांगितले नाही.

थोरात सर उठून माझ्या बाकाशी आले. त्यांच्या धोतराला कडक साबणाचा वास येत असे. “हुक्केरी, लिहिलेलं वाचून घ्यायचं आहे का? नियमात आहे. उमेदवाराने मागितलं तर लेखनिकाने वाचून दाखवलं पाहिजे.”

मेधाचे पेन थांबले. तिचा गुडघा बाकाखाली माझ्या गुडघ्याला येऊन टेकला. ती बारीक मुलगी होती, भित्री, प्रेमळ. गणेशोत्सवात माझ्यासाठी हट्टाने दूर्वा निवडून आणणारी. माझे वाक्य समितीला उलटे वाटेल, उद्धट वाटेल, मला त्याचा तोटा होईल, असे तिला मनापासून वाटले असणार. मला ते कळत होते. आणि तिचे बरोबर असेल, हेही कळत होते. मला माझ्या वाक्यापेक्षा पुणे अधिक हवे होते.

“नको, सर,” मी म्हणाले.

घरी येताना मेधाने माझा हात नेहमीपेक्षा घट्ट धरला होता. ब्राह्मणपुरीच्या वळणावर सतारींच्या दुकानांतून कुणीतरी एकच सूर पुन्हा पुन्हा लावून पाहत होते. ती थांबली. “गिरिजाताई, एक-दोन ठिकाणी मी जरा नीट केलं हं. रागावू नका. आई म्हणते, परीक्षकाला काय आवडतं ते आधी बघावं.”

“बरं केलंस,” मी म्हणाले.

“खरंच?”

“खरंच गं.”

तिने सुटकेने इतका मोठा श्वास सोडला की मला हसू आले. आम्ही दोघी हसत घरी आलो. आण्णांनी पेपर कसा गेला ते विचारले, आणि मी सांगितले, छान गेला.

निकालासाठी संस्थेची माणसे आठवड्याभराने स्वतः मिरजेला आली. प्रार्थनेच्या दालनात सतरंज्या अंथरल्या होत्या. गुलाबपाणी शिंपडले होते. आपटे बाई मेधाला घेऊन पुढे बसल्या होत्या. नव्या वायलची सळसळ माझ्यापर्यंत येत होती. आण्णांनी दुकान बंद ठेवले होते. ते माझ्या मागे उभे होते, आणि सुईने खरखरीत झालेले त्यांचे बोट मधूनमधून माझ्या खांद्यावर टेकत होते. तानू माझ्या शेजारी होती. तिच्या बाजूने कुणी आले नव्हते. तिला न्यायला तिचा चुलता दुपारच्या एस.टी.ने येणार होता, निकाल काहीही लागला तरी. निवड झाली तर तो तिला पुण्याला सोडणार होता, नाही तर वस्तीवर.

“नाही झालं तर काय करशील गं?” मी तिला विचारले. असे विचारायची मला काय गरज होती, कोण जाणे.

“लोकर कातीन. आई म्हणते, घोंगड्याला सूत कातायला डोळं लागत न्हाईत, बोटं लागतात.” मग ती माझ्याकडे कलली. “पर मला कॉलेजात जायचंय, गिरजे. लई जायचंय. रात्री नुसतं तेच ऐकू येतं, वर्गातली घंटा.”



संस्थेचे चिटणीस सबनीस साहेब उभे राहिले. त्यांचा आवाज मृदू, तुपासारखा होता. आपण वर्षानुवर्षे हे कार्य करत आहोत, असे ते म्हणाले. या मुलींच्या अंधारात एक पणती लावता आली तरी जीवन सार्थकी लागेल, असेही म्हणाले. मग कागद उलगडल्याचा आवाज झाला.

“यंदा निर्णय अवघड नव्हता. एक उत्तर वाचून समितीतल्या भगिनींचे डोळे पाणावले. ते तुम्हाला वाचून दाखवतो. ‘कवी काठावर उभा आहे, म्हणून त्याला विहिरीत अंधार दिसतो. अंधार म्हणजे निराशा. माझ्याही आयुष्याच्या विहिरीत असाच अंधार दाटला आहे. परंतु ज्ञानरूपी दीपाच्या साहाय्याने अंधारातून प्रकाशाकडे जाण्याची मला विलक्षण ओढ आहे. समाजातील दयाळू हातांनी माझ्यासाठी तो दीप धरावा, हीच माझी नम्र प्रार्थना.’”

ते थांबले. पुढच्या रांगेत कुणीतरी नाक ओढले.

मी आयुष्यात कधी निराशेच्या विहिरीत नव्हते. आमच्या घरी चुलीशेजारी ऊब होती, दुकानात कापडांच्या गठ्ठ्यांचा वास होता, आण्णांच्या मशीनचा आवाज होता. अंधार नावाची वस्तू त्यात मला कुठे लागलीच नव्हती. तो मेधाने, तिच्या सुंदर अक्षरांत, माझ्या नावावर लिहिला होता. आणि आता तो टाळ्यांच्या कडकडाटात मला परत मिळत होता.

“गिरिजा बसप्पा हुक्केरी!” सबनीस साहेबांनी पुकारले.

आण्णांचे बोट माझ्या खांद्यावर रुतले. शिलाईच्या कामात आयुष्यभर दुसऱ्यांची मापे घेतलेल्या त्या माणसाला पहिल्यांदाच कुणी आपल्या मुलीच्या मापाचे काही दिले होते.

“दुसऱ्या उमेदवारानेही प्रयत्न केला,” सबनीस साहेब टाळ्या ओसरल्यावर सौजन्याने म्हणाले, “पण उत्तर फार त्रोटक. ‘रात्र विहिरीत असते.’ एवढंच. शुद्धलेखनही यथातथा. विचार फुलवता आला पाहिजे, नाही का?”

दोघे-तिघे हसले. दुष्टपणे नव्हे, सभेत हसतात तसे. संगी मागून मोठ्याने म्हणाली, “तानाक्कानं लई सांगितलं होतं. मलाच न्हाई आलं लिहायला.” तिला कुणीतरी गप्प केले.

त्या टाळ्यांवर मी पुण्याला गेले. बी.ए. झाले, एम.ए. झाले. ध्वनिफितींवर कवितांमागून कविता ऐकल्या, आणि ज्या कवितांनी कुणाकडे दिवा मागितला नाही त्याच माझ्याजवळ राहिल्या. आता मी कविता शिकवते. माझ्या वर्गात अंधाराचा अर्थ निराशा असा कुणी सांगितला तर मी त्या मुलाला किंवा मुलीला थांबवत नाही. पुढे बोलू देते. तानूबद्दल विचारपूस केली, ती फार उशिरा. तोपर्यंत अंधशाळेत तिला ओळखणारे कुणी उरले नव्हते, आणि वस्ती एका जागी राहणारी नव्हती.

पण त्या दिवशी सभा संपल्यावर आत चहा सुरू झाला, आणि मी बाहेर ओट्यावर आले. हवा हवी होती. पायरीवर कुणी तरी बसले होते.

“ये, गिरजे,” तानू म्हणाली. “तुझ्या डाव्या चपलेचा अंगठा तुटाय आलाय. पुण्याला जायच्या आधी शिवून घे. तितं चालायला लई लागंल.”

मी तिच्याजवळ बसले. तिची पत्र्याची पेटी तिच्या पायांशी होती. माझ्या घोट्याला पेटीचे उन्हाने तापलेले कडे लागले. तानूने चाचपून माझा हात हाती घेतला आणि दाबला. तिचा हात कोरडा होता.

“तुझं झालं ते चांगलं झालं. खरंच सांगते.”

“तुझंही व्हायला हवं होतं,” मी म्हणाले.

“जागा एक. त्यात तू काय करणार?” ती म्हणाली. “एक विचारू?”

“विचार की.”

“त्यांनी वाचलं ते कुणाचं होतं?”

आतून कपबशांचा आवाज येत होता. सबनीस साहेब कशाला तरी मनमोकळे हसत होते आणि त्यांच्या हसण्यामागून आण्णांचे हसणे लाजत येत होते.

“म्हणजे?”

“तू तर भोपळं बांधून विहिरीत उतरली होतीस. पाणी गळ्याशी कोमट आन् पायांशी गार. ते कुठं गेलं?” तिच्या आवाजात आरोप नव्हता. हरवलेल्या वस्तूबद्दल विचारावे तसे ती विचारत होती. “मी सगळं ऐकत होते. संगी ढोसत होती, फुडं सांग, फुडं सांग. पर मला सांगवंना. मला वाटलं, आता हिचं ऐकावं का आपलं सांगावं? आपलं तर कायबी कागदावर उतरंना. मग म्हटलं, ऐकावं. म्हटलं, हिनं असलं सांगितलं असंल तर हिचीच निवड व्हावी. मला वाईट वाटणार न्हाई. खरंच न्हाई वाटणार असं ठरवलं होतं मी.”



“तळ दिसायचा नसतो,” तानू हळूहळू म्हणाली. अनोळखी जिन्यावर पाऊल टाकावे तसा एकेक शब्द. “तळाला पाय लागायचे असतात. इथपतूर ध्यानात हाय. त्याच्या फुडं दिवा मागणाऱ्याचं काहीतरी होतं. तेवढ्यात सरांची खुर्ची करकरली, आन् तेवढं निसटलं माझं. आठवडाभर जुळवून बघते, जुळत न्हाई. सांग की गं तेवढं. घरी घेऊन जाते.”

ते वाक्य माझ्या जिभेवर होते. सबंध, जसेच्या तसे. कागदावर ते कधीच उतरले नव्हते, ते माझ्यापाशीच होते आणि या एका मुलीपाशी, जवळजवळ. मला फक्त ते उच्चारायचे होते. ओट्यावर दुसरे कुणी नव्हते. पण ते उच्चारले असते तर आत वाचलेले ते दुसरे उत्तर त्याच क्षणी खोटे ठरले असते, निदान आम्हा दोघींत, आणि मला वाटले, आम्हा दोघींत ठरले म्हणजे ठरलेच.

“मी असं काही सांगितलंच नव्हतं, तानू,” मी म्हणाले. “जे वाचलं तेच सांगितलं होतं.”

तानूने माझा हात सोडला नाही. तिची बोटे तेवढी हलायची थांबली. रस्त्यावरून एक टांगा गेला. त्याच्या घोड्याच्या टापा दूर जाऊन पार विरल्या.

“असंल,” ती अखेरीस म्हणाली. “संगीला सांगण्यात माझं ध्यान नसंल. मला नीट ऐकू आलं नसंल.”

मग तिने माझा हात माझ्याच मांडीवर नीट ठेवला, उसनी घेतलेली वस्तू परत ठेवावी तसा.

आण्णांनी आतून हाक मारली. मी उठले. तुटायला आलेली चप्पल ओट्यावरून फरफटत गेली, आणि दारापर्यंतचे माझे प्रत्येक पाऊल पायरीवर बसून तानू ऐकत होती. तिला सगळे ऐकू येत असे.